नऊ महिन्यांची रजा



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे, असा रिवाज आहे. मी विद्वान नव्हे. सातवीनंतर माझी शाळा सुटली ती कायमची. पुढचे शिक्षण झाले ते कारखान्याच्या गेटवर, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि रात्री युनियनच्या कचेरीत कंदिलाखाली व पुढे दिव्याखाली उघडलेल्या पुस्तकांत. चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, ‘गुडघा.’ त्यांना वाटले, मी थट्टा करतो आहे. मी थट्टा केली नव्हती. तीस वर्षे मी कामगारांत वावरतो. माणसाचे पोट हातावर असते, असे आपण म्हणतो. पण तो हात कामावर नेऊन उभा करतो तो गुडघा. आपल्या शेजारी तेर आहे. गोरोबाकाकांचे नाव घेतले की चिखल तुडवणारे पाय डोळ्यांपुढे येतात. ज्या मुलखाचा संत पायांनी माती मळीत होता, त्या मुलखात गुडघ्याविषयी तासभर बोलणे काही अनुचित होणार नाही.

आरंभ एका धावपटूपासून करतो. अविनाश साबळे हे नाव आपणां सर्वांना ठाऊक आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यातील, आष्टी तालुक्यातील मांडव्याचा हा मुलगा. आईबाप वीटभट्टीवर राबणारे. शाळा सहा किलोमीटर दूर, म्हणून पोर धावत जाई आणि धावत येई. बारावीनंतर तो सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये गेला. सियाचिनच्या बर्फात राहिला, राजस्थानच्या वाळूत राहिला. तीन हजार मीटरची अडथळ्यांची शर्यत त्याने धरली ती पुष्कळ उशिरा, सैन्यात गेल्यावर. या शर्यतीत अठ्ठावीस वेळा आडवी तुळई ओलांडायची असते आणि सात वेळा तुळईपलीकडे पाण्याचा खड्डा असतो. तुळईची उंची सुमारे ९१ सेंटिमीटर, म्हणजे साधारण माणसाच्या कमरेपर्यंत. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याला रौप्यपदक मिळाले. सुवर्ण हुकले ते सेकंदाच्या पाच शतांश भागाने. २०२३ साली हांगझौच्या एशियाडमध्ये त्याने सुवर्ण घेतले. २०२४ साली पॅरिसला ८ मिनिटे ९.९१ सेकंद असा राष्ट्रीय विक्रम केला आणि त्याच वर्षी ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत तो धावला. या शर्यतीत तिथवर पोचलेला तो पहिला भारतीय पुरुष.

आणि मग ११ जुलै २०२५. मोनॅको येथील शर्यतीत पाण्याच्या अडथळ्यापाशी तो पडला आणि शर्यत सोडून बाहेर आला. तपासणीत निघाले की, गुडघ्यातील लिगामेंट तुटले आहे आणि गादीलाही इजा आहे. मुंबईत शस्त्रक्रिया झाली. सप्टेंबरात टोकियोला जागतिक स्पर्धा भरल्या, त्यात अविनाश नव्हता. ज्याचे आयुष्य सेकंदाच्या शतांशावर मोजले जात होते, त्याचे आयुष्य एका पडण्याने महिन्यांवर मोजले जाऊ लागले. मला आज त्याच्या घड्याळाविषयी बोलायचे नाही. या महिन्यांविषयी बोलायचे आहे.

हे महिने का लागतात, हे समजण्यासाठी गुडघ्यात शिरले पाहिजे. मी डॉक्टर नाही. परंतु फिटरला यंत्र समजावून सांगता येते, त्या रीतीने सांगतो. वर मांडीचे हाड, खाली नळीचे हाड, पुढे वाटी. दोन हाडांच्या मध्ये कुर्चेच्या दोन गाद्या. धक्का सोसणे हे त्यांचे काम. हाडे एकमेकांपासून सरकू नयेत म्हणून चार मुख्य बंध आहेत. त्यांनाच लिगामेंट म्हणतात. दोन बाजूंना, आणि दोन मध्यभागी फुलीसारखे एकमेकांना छेदून गेलेले. या फुलीतला पुढचा बंध नळीचे हाड पुढे सरकू देत नाही आणि पाय रोवून अंग वळवले असता गुडघ्याला पीळ बसू देत नाही. सरळ रेषेत चालणाऱ्या माणसाला त्याची फारशी आठवण येत नाही. पण खो-खोत पळणाऱ्या मुलीला पावलोपावली त्याची गरज. आपला धाराशिव जिल्हा खो-खोचे माहेर. सारिका काळे यांना २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला तो याच मातीतून. खुंटाला वळसा घालताना पाय जमिनीत रोवलेला असतो आणि धड मात्र फिरते. त्या क्षणी सगळा भार या बोटाएवढ्या बंधावर येतो. तो तुटतो तेव्हा पुष्कळदा दुसऱ्या कुणाचा धक्काही लागलेला नसतो. ‘टक्’ असा आवाज होतो, माणूस खाली बसतो आणि काही तासांतच गुडघा भोपळ्यासारखा सुजतो.

आता या बंधाचे एक दुर्दैव असे की, तो सहसा आपोआप नीट जुळत नाही. हाड मोडले तर प्लास्टरमध्ये सांधते. हा बंध सांध्याच्या आत, सांध्यातील द्रवात असतो. तुटलेली टोके तेथे एकमेकांना धरू शकत नाहीत. म्हणून शल्यविशारद काय करतात? रोग्याच्याच मांडीमागची शीर अथवा वाटीखालची पट्टी घेतात, दुर्बिणीतून पाहत हाडांना भोके पाडतात, आणि त्या भोकांतून ही नवी दोरी ओवून दोन्ही टोके पक्की करतात. काम तास-दोन तासांचे. दोन दिवसांत रोगी कुबड्या घेऊन घरी.

येथेच सारी फसगत आहे, बंधुभगिनींनो. हा भाग नीट ऐका. बसवलेली दोरी हा बंध नव्हे. ती बंध होण्यासाठी तेथे रुजत घातलेली आहे. आपण लावलेले रोप पहिल्या दिवशी हिरवे दिसते, मग माना टाकते, आणि मूळ धरल्यावर पुन्हा उभे राहते. तसेच या दोरीचे होते. तिच्यातल्या जुन्या पेशी मरतात, नव्या रक्तवाहिन्या येतात, नव्या पेशी वस्ती करतात. या अवधीत, म्हणजे पहिल्या दोन-तीन महिन्यांत, ती बसवली त्या दिवसापेक्षाही कमजोर असते. आणि नेमक्या याच वेळी सूज उतरलेली असते, दुखणे थांबलेले असते, माणूस जिना चढू लागतो. तो म्हणतो, मी बरा झालो. घरचे म्हणतात, बरा झाला. गुडघा मात्र आतून म्हणत असतो, अजून थांब.

किती थांबावे? नॉर्वे आणि अमेरिकेतील संशोधकांनी शंभरांवर रोग्यांचा पाठपुरावा करून २०१६ साली याचे उत्तर दिले. शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणे जितके महिने लांबवावे, तितक्या दर महिन्याला पुन्हा इजा होण्याचे प्रमाण जवळपास निम्म्याने घटते, असे त्यांना आढळले. शिवाय नुसते पंचांग पाहून भागत नाही. दुखावलेल्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या निदान नव्वद टक्के झाली पाहिजे; एका पायावर उडी मारून दोन्ही पायांचे अंतर मोजतात. मांडीचा स्नायू शस्त्रक्रियेनंतर पाहता पाहता वाळतो आणि तो परत आणायला रोजची, कंटाळवाणी, कुणी टाळ्या न वाजवणारी मेहनत लागते. आणि इतके करूनही प्रत्येक जण परत येतो, असे नाही. २०१४ साली अनेक देशांतील अभ्यास एकत्र मांडले गेले, तेव्हा दिसले की, शंभरांतले सुमारे ऐंशी कुठल्या ना कुठल्या खेळाकडे वळतात. पहिल्या पातळीवर पोचतात ते पासष्ट. आणि स्पर्धेत उतरतात ते पंचावन्न. बाकीच्यांना पुष्कळदा गुडघा अडवीत नाही, भीती अडवते. ‘टक्’ हा आवाज कानांतून जात नाही.

जे परतले ते कसे परतले? ऋषभ पंतची मोटार ३० डिसेंबर २०२२ रोजी पहाटे रुरकीजवळ दुभाजकावर आदळली. त्याला मदतीला धावून आले ते हरियाणाच्या सरकारी बसचे चालक आणि वाहक. हे मी कामगार म्हणून अभिमानाने सांगतो. जानेवारीत मुंबईत गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. तो मैदानात उतरला २३ मार्च २०२४ला. जवळजवळ पंधरा महिने! त्यानंतर तीन महिन्यांनी विश्वचषक जिंकणाऱ्या संघात तो होता. जिम्नॅस्ट दीपा कर्माकर हिची शस्त्रक्रिया २०१७च्या एप्रिलात मुंबईतच झाली. २०१८च्या जुलैत तुर्कस्तानात तिने सुवर्ण मिळवले, त्याच वर्षी एशियाडच्या वेळी गुडघा पुन्हा कुरकुरला, आणि तरीही वयाच्या तिसाव्या वर्षी, २०२४ साली, ताश्कंदला ती आशियाई विजेती झाली. अमेरिकेत त्यांचा एक फुटबॉल आहे, हाताने फेकायचा. त्यात संघाचा सूत्रधार असतो त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. टॉम ब्रेडी हा त्यातला अग्रगण्य. २००८च्या हंगामाच्या पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला. त्याने तो सबंध हंगाम सोडला आणि २००९ साली तो परतला. दुखापतीपूर्वी त्याच्या नावावर तीन अजिंक्यपदे होती. दुखापतीनंतर त्याने आणखी चार मिळवली.

या साऱ्यांचे गुणगान करायला मी उभा नाही. त्यांच्या जिद्दीला माझा नमस्कार आहे. परंतु जिद्दीच्या खाली काहीतरी होते, ते मला दाखवायचे आहे. अविनाश सैनिक आहे; तो अंथरुणावर असताना त्याचे वेतन थांबत नाही. पंतच्या मागे क्रिकेट मंडळ होते. ब्रेडीचा करार होता. त्यांना उत्तम शल्यविशारद मिळाले, व्यायाम करून घेणारे तज्ज्ञ मिळाले; आणि या सर्वांहून मोठी गोष्ट मिळाली ती वेळ. ‘उद्या कामावर ये, नाहीतर नाव कमी करतो,’ असे त्यांना कुणी म्हणाले नाही.

आता मी माझी गोष्ट सांगतो. ती सांगायची म्हणूनच मी हा विषय घेतला. कारखान्याचे नाव सांगत नाही, जिल्हाही सांगत नाही. कारण दोष द्यायचा आहे तो मला स्वतःला.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. गाळप ऐन भरात होते. मिल हाउसमधला एक फिटर, हंगामी कामगार, वय तिशीच्या आतले. रसाच्या टाकीच्या लोखंडी शिडीवरून उतरताना मळीने ओल्या झालेल्या पायरीवर त्याचा पाय घसरला. एक पाय पायरीत अडकला आणि अंग फिरले. गावात दोन दिवस तेल लावून चोळले, मग शहरात नेले. लिगामेंट तुटल्याचे निदान झाले. बायकोचे डोरले आणि मेव्हण्याचे उसने, यांवर शस्त्रक्रिया झाली. दोन महिने होत आले, तोच कचेरीतून निरोप आला: हंगाम संपायच्या आत कामावर हजर व्हा, नाहीतर पुढच्या हंगामाला बोलावणे येणार नाही. तो माझ्याकडे आला. म्हणाला, ‘आण्णा, काहीही करा, पण माझं नाव वाचवा.’

मी गेटवर सभा घेतली. मी गर्जना केली की, आमचा माणूस बरा झाला आहे, त्याला आजच्या आज कामावर घ्या! साहेबांनी शंका काढली की, हा शिडी चढू शकेल काय? मी त्या पोराला म्हणालो, ‘चालून दाखव.’ तो कचेरीच्या फरशीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून गेला. ताठ चालला. बाहेर पोरांनी घोषणा दिल्या. त्याच पाळीला तो कामावर रुजू झाला. आम्ही गुलाल उधळला. लढा जिंकला, असे मला वाटले.

तीन आठवडेही झाले नसतील. पाना घेऊन शिडी चढत असता त्याचा गुडघा आतल्या आत लचकला. नवी दोरी तुटली आणि या खेपेला गादीही फाटली. दुसऱ्या शस्त्रक्रियेला पैसा नव्हता. तो पुन्हा शिडी चढला नाही. आज तो आपल्या गावच्या फाट्यावर चहाची टपरी चालवतो. मी गेलो तर माझ्याकडून पैसे घेत नाही. त्याने मला एका शब्दाने कधी बोल लावला नाही. पण तो कप देण्यासाठी उठतो आणि टेबलाला हात टेकतो, तेव्हा माझ्या हातचा कप जड होतो.

त्यानंतर मी गुडघ्याविषयी वाचू लागलो. आणि मला समजले की, मालकाशी लढताना मी मालकाचीच मागणी पुढे केली होती. त्यांना माणूस कामावर हवा होता, मीही तेच मागितले. मागायला हवी होती ती रजा! आणि ती भीक नव्हती. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३चा आहे. कामावर अपघात झाला आणि माणूस तात्पुरता निकामी झाला, तर दर पंधरवड्याला पगाराचा चौथा हिस्सा, म्हणजे महिन्याकाठी अर्धा पगार, कमाल पाच वर्षांपर्यंत देण्याची त्यात तजवीज होती. २०१० पासून उपचाराचा प्रत्यक्ष खर्चही मालकावर टाकला गेला. डोरले गहाण ठेवायचे कारण नव्हते. हे कलम माझ्या पिशवीतल्या पुस्तकात होते. मी ते वाचलेही होते. पण सभेच्या धुंदीत मला माणूस दिसला नाही, विजय दिसला. २०२५च्या नोव्हेंबरपासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. पुस्तकाचे नाव बदलले, मागण्याचा हक्क उरला आहे.

आणखी एक गोष्ट साखरेच्या मुलखातील माणसांनी ध्यानात ठेवावी. कर्मचारी राज्य विमा म्हणून जी योजना आहे, तीत कामावरच्या दुखापतीने घरी बसलेल्या कामगाराला, तो बरा होईपर्यंत, वेतनाच्या नव्वद टक्के मिळतात. योजना उत्तम आहे. परंतु हंगामी कारखाने तिच्याबाहेर ठेवलेले आहेत आणि साखर कारखान्यांची गणना हंगामी कारखान्यांत होते. ज्या धंद्यात शिड्या, मळी, गव्हाण, वाफ आणि रात्रपाळी, तोच धंदा बाहेर! हंगाम पाच-सहा महिन्यांचा असेल; पण तुटलेला गुडघा हंगाम पाहून बरा होत नाही.

आणि कामगाराच्याही खाली एक माणूस आहे. आष्टी, पाटोदा, भूम, वाशी, कळंब या भागांतून दर दिवाळीला निघणारी ऊसतोड टोळी. डोक्यावर मोळी आणि पायाखाली गाडीला लावलेली अरुंद फळी. मोळी वर फेकण्यासाठी त्या बाईला फळीवर पाय रोवून कमरेतून वळावे लागते. खो-खोच्या खुंटापाशी मुलगी जे करते, तेच. फरक इतकाच की, मुलीच्या पायांत बूट असतात आणि डोक्यावर ओझे नसते. तोडणी कोयत्यावर मोजतात, आणि कोयता म्हणजे नवरा-बायको दोघे. एकाचा गुडघा गेला की, कोयता मोडला. काम बंद झाले की खाडा लागतो, उचल अंगावर राहते, आणि पुढच्या वर्षी तोच गुडघा घेऊन पुन्हा फडात. तिला नऊ महिने कोण देणार? मुकादम म्हणतो कारखान्याने द्यावे, कारखाना म्हणतो ती मुकादमाची. अविनाशच्या आष्टीतूनच या टोळ्या निघतात. एकाच तालुक्यातले दोन गुडघे, एकाच जातीची हाडे. एकाच्या वाट्याला शल्यविशारद आणि वेळ, दुसऱ्याच्या वाट्याला तेल आणि फडके. मी अविनाशच्या वाट्यातले काही कमी करा म्हणत नाही. त्याला जे मिळाले ते योग्यच मिळाले. ते सर्वांना मिळण्याजोगे आहे, एवढेच माझे म्हणणे.

कुणी म्हणेल, सगळ्यांना शस्त्रक्रिया कशी परवडणार? यालाही उत्तर आहे. प्रत्येकाला ती लागतेच असे नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुणांवर झालेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. काहींची शस्त्रक्रिया लगेच केली; काहींकडून आधी शिस्तीने व्यायाम करून घेतला आणि गरज पडली तरच शस्त्रक्रिया केली. पाच वर्षांनंतरही या दुसऱ्या गटातील जवळपास निम्म्यांना शस्त्रक्रिया लागली नव्हती. कुणाला लागेल, हे डॉक्टरांनी ठरवावे. पण व्यायाम सर्वांनाच लागतो आणि व्यायामाला पैशापेक्षा वेळ अधिक लागतो. पुन्हा आलो ना आपण वेळेवरच?

म्हणून उठण्यापूर्वी तीन विनंत्या करतो.

पहिली, घरच्या माणसांना. गुडघ्यात आवाज झाला आणि सूज चढली, तर चोळू नका, ओढू नका, कुणाकडून ‘बसवून’ घेऊ नका. पाय वर ठेवा, फडक्यात गुंडाळून बर्फ लावा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. दुखणे थांबले म्हणजे बरे झाले, हा समज सोडा.

दुसरी, शाळेच्या गुरुजींना. मुलांना, आणि विशेषतः मुलींना, उडीवरून खाली येताना गुडघे वाकवून आणि ते आत न झुकवता उतरायला शिकवा. मुलींना या दुखापतीचा धोका मुलांहून जास्त असतो. खेळापूर्वीची पंधरा-वीस मिनिटांची अशी कवायत ही दुखापत बऱ्याच अंशी टाळते, हे सिद्ध झाले आहे. आणि तालुक्याच्या सामन्यासाठी दुखावलेल्या मुलीला पट्टी बांधून उतरवू नका. ढाल कपाटात राहते, गुडघा जन्मभर सोबत राहतो.

तिसरी विनंती माझ्या कामगार बंधूंना आणि त्यांच्या पुढाऱ्यांना; म्हणजे माझ्यासारख्यांना. ‘अति घाई संकटात नेई’ असे आपण रस्त्यावर वाचतो आणि सभेत विसरतो. जखमी माणसाला साहेबापुढे चालून दाखवायला लावू नका. मागणीपत्रात लिहा: वैद्यकीय दाखला मिळेपर्यंत रजा, रजेतला पगार, उपचाराचा खर्च, परतल्यावर आधी जमिनीवरचे हलके काम आणि मग शिडी. हंगामी कारखान्यांना विम्यात घ्या, ही मागणी प्रत्येक सभेत करा. आणि तोडणीच्या टोळीतील बाई कुणाची, हा वाद तिच्या पायाला पट्टी बांधून झाल्यावर करा.

अविनाश आपल्या वाटेवर आहे. तो अडथळे ओलांडताना दिसेल तेव्हा आपण सर्व टाळ्या वाजवू. मी टाळ्या वाजवीन तेव्हा माझ्या मनात फाट्यावरची ती टपरी असेल. त्या पोराला मी काम मिळवून दिले. वेळ मिळवून दिला नाही. तुमच्यापैकी कुणावर तशी पाळी आली, तर माझी ही चूक तुमच्या उपयोगी पडावी, एवढ्यासाठी ती चारचौघांत सांगितली.

आता रजा घेतो. माझी रजा मात्र लहानच आहे. उद्या सकाळी गेटवर सभा आहे.